पहिल्या नोकरीचे कपडे



या व्यासपीठावर ज्ञानेश्वरीपासून अर्थसंकल्पापर्यंत नाना विषय होऊन गेले. त्यांच्या पंगतीत ‘पहिल्या नोकरीचे कपडे’ हा विषय आणून बसवला, तेव्हा चिटणीसांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिले. कामगार चळवळीतल्या माणसाने पगार, बोनस, संप यांवर बोलावे. शर्ट-पँटीवर त्याने काय बोलायचे, असे त्यांच्या मनात आले असावे. मी त्यांना एवढेच म्हणालो की, आमच्या युनियनच्या कचेरीत आलेले एक गाऱ्हाणे मला अजून सुटलेले नाही, आणि ते कपड्यांचेच आहे.

बावीस वर्षांचा एक मुलगा. बी.कॉम. झालेला, घरातून पगारावर जाणारा पहिलाच. एका खाजगी कचेरीत १८,००० रुपयांवर त्याची नेमणूक झाली. रुजू व्हायला दहा दिवस होते. त्या दहा दिवसांत त्याने एक सूट, दोन कोट, सहा शर्ट, चार पँटी आणि बुटांचे दोन जोड घेतले, सगळे हप्त्याने. महिना ३,००० रुपयांप्रमाणे बारा हप्ते. रुजू झाल्यावर दिसले की, त्या कचेरीत साहेबसुद्धा साध्या शर्टात बसतात. सूट खुंटीवर राहिला, हप्ता मात्र चालू राहिला. चौथ्या महिन्यात कचेरीने माणसांना रोज दोन-दोन तास जादा बसवायला सुरुवात केली. जादा कामाचे पैसे नाहीत. त्याच्या बरोबरीचे तिघे अर्ज घेऊन आमच्याकडे आले. हा दाराशीच उभा राहिला. मी विचारले तेव्हा म्हणाला, “काका, सही करायला माझी ना नाही. पण एक महिना पगार अडला, तर हप्ता कुठून भरू?”

ती सही झाली नाही. त्या मुलाला मी भित्रा म्हणणार नाही. अंगावरचा कोट संध्याकाळी काढून ठेवता येतो, अंगावरचे कर्ज काढून ठेवता येत नाही, एवढेच. तेव्हा आज मला सांगायचे आहे ते एका वाक्यात हे : नोकरीचे कपडे पगारातून उभे करावेत, पगार हाती येण्याआधी उभे करू नयेत. बाकीचे व्याख्यान म्हणजे हे कसे जमवावे याचा हिशेब आहे. मी पुरुषांच्या कपड्यांविषयीच बोलणार आहे. नोकरीवर जाणाऱ्या मुलींचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि त्यावर बोलण्याचा अधिकार त्यांच्यातल्याच कोणाचा तरी आहे.

पहिली गोष्ट, दुकानात जाण्याआधी चौकशी. नेमणूकपत्र हाती आले की, एका संध्याकाळी त्या कचेरीच्या किंवा कारखान्याच्या दाराशी सुटीच्या वेळी जाऊन उभे राहावे. आम्ही युनियनवाले हेच करतो. दारावर अर्धा तास उभे राहिले की आतली बरीच हकीकत कळते. बाहेर पडणाऱ्या माणसांकडे नीट पाहावे. शर्ट आत खोचलेले आहेत की बाहेर? टाय कोणाच्या गळ्यात आहे? पायांत बूट आहेत की सँडल? साहेब लोकांकडे पाहू नये. आपण ज्या पायरीवर चढणार, त्या पायरीवरच्या माणसांकडे पाहावे. मग आपले काम कसले ते आठवावे. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याची पँट बैठकीला आधी विरते. बाजारात हिंडणाऱ्याच्या शर्टाची कॉलर घामाने आधी जाते. दुकानात उभे राहणाऱ्याचे सगळे सुखदुःख बुटांत असते. त्याप्रमाणे पैसा कुठे घालायचा ते ठरते.

तिसरा प्रश्न मालकाला विचारायचा : गणवेश आहे काय? असल्यास किती जोड मिळतील, शिलाई कोणाची, धुलाईचा भत्ता आहे काय, नोकरी सोडताना अनामत परत मिळेल काय? हे विचारायला नवा माणूस लाजतो. लाजण्याचे कारण नाही. पगारातून कपात कायद्याने नेमून दिलेल्या कारणांसाठीच करता येते. कोणी ‘गणवेशाचे पैसे कापले’ म्हणाला, तर कोणत्या कलमाखाली कापले, हे नम्रपणे पण लेखी विचारावे.

आता संख्या. आठवड्याचे कामाचे दिवस सहा. रुजू होताना तीन शर्ट आणि दोन पँटी पुरतात. एक शर्ट अंगावर, एक दोरीवर, एक घडीत. एक रात्र आड धुणे काढले, तर कोरड्या दिवसांत हे चक्र अडत नाही. पावसाळ्यात मात्र कापड दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि पुष्कळ मुले नेमकी जून-जुलैत रुजू होतात. तेव्हा पावसाळ्यात रुजू होणाऱ्याने तिनांपैकी दोन शर्ट लवकर वाळणाऱ्या मिश्र कापडाचे घ्यावेत. पुढे मजल गाठायची ती सहा शर्ट, तीन पँटी आणि बुटांचे दोन जोड एवढीच.

रंगांचाही हिशेबच आहे. पँटी गडद घ्याव्यात. एक गडद निळी, एक राखाडी, तिसरी काळी किंवा तपकिरी. शर्ट फिके, पांढरे, फिके निळे, बारीक रेघांचे. मग कोणताही शर्ट कोणत्याही पँटीवर चालतो आणि सहा शर्ट व तीन पँटी यांचे अठरा जोड होतात. याउलट एखादा भडक चौकड्यांचा शर्ट आवडला म्हणून घेतला, तर तो एकाच पँटीवर चालतो, आणि लोकांच्या लक्षातही राहतो. फिका शर्ट आठवड्यात दोनदा घातला, तरी कोणी मोजत नाही.

पैशाचे गणित करू. आकडे उदाहरणादाखल आहेत. ज्याने त्याने आपल्या गावच्या भावाप्रमाणे बदलावेत. पगार १८,००० धरू. पहिला पगार येईपर्यंत कपड्यांवर त्याच्या चौथाईपेक्षा, म्हणजे ४,५०० रुपयांपेक्षा, जास्त घालू नये. ५५० रुपयांचे तीन शर्ट, १,६५०, ७५० च्या दोन पँटी, १,५००, बूट १,०००, पट्टा आणि पायमोजे मिळून ३५०. बरोबर ४,५०० झाले. मग पहिल्या पगारात एक शर्ट, दुसऱ्यात तिसरी पँट, तिसऱ्या व चौथ्यात एकेक शर्ट, आणि सहाव्यापर्यंत बुटांचा दुसरा जोड. सहा महिन्यांत ७,९०० रुपयांत कपाट भरले, आणि कोणाचे देणे राहिले नाही. त्या मुलाचे सहा महिन्यांत १८,००० गेले होते, आणि तेवढेच आणखी जायचे होते.

खरेदी करताना कराचीही एक रेघ ध्यानात असू द्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्याच्या एका नगाची किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर वस्तू व सेवा कर ५ टक्के, त्यावर गेली तर १८ टक्के, असे दर लागू झाले. बुटांच्या जोडालाही हीच रेघ. नव्या नोकरदाराला या रेघेच्या वर जाण्याचे कारण पडू नये.

आता कापडाकडे वळू. दुकानदार सुताला सूत म्हणत नाही. मलईसारखे, रेशमासारखे अशी नावे सांगतो. आपण चिठ्ठी वाचावी. कापूस किती टक्के, पॉलिएस्टर किती टक्के, हे तिच्यावर छापलेले असते. या दोन धाग्यांचा स्वभाव निराळा आहे. शंभर ग्रॅम कोरडा कापूस सर्वसाधारण हवेत सुमारे साडेआठ ग्रॅम ओल धरतो. पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही धरत नाही. म्हणून सुती शर्ट घाम टिपतो आणि अंगाला बरा वाटतो. पण तो चुरगळतो, आटतो आणि सावकाश वाळतो. १९४१ साली इंग्लंडात विनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी शोधलेले पॉलिएस्टर चुरगळत नाही, लवकर वाळते, इस्त्री थोडी मागते. पण घाम त्वचेवरच राहतो. या दोघांच्या मिश्रणाला आपल्याकडे टेरिकॉट हे नाव पडले. पंख्याखाली किंवा गार हवेत बसणाऱ्या, आणि इस्त्रीला सवड नसणाऱ्या माणसाला टेरिकॉट सोयीचे. उन्हात हिंडणाऱ्याला सुती. भट्टी, वेल्डिंग किंवा ठिणग्यांजवळ काम करणाऱ्याने मात्र पॉलिएस्टर अंगावर घालू नये. ते वितळते आणि कातडीला चिकटते.

सुती कापड आटते, कारण विणताना आणि रंगवताना धागा ताणलेला असतो. पाणी लागले की तो आपल्या मूळ जागी येतो. ही आट कारखान्यातच काढून टाकण्याची यांत्रिक रीत अमेरिकेतल्या सॅनफर्ड क्लुएट याने १९३० च्या सुमारास काढली. कापडाच्या काठावर ‘सॅनफोराइज्ड’ असा शिक्का असतो, तो त्याच्याच नावावरून. असा भरवसा नसेल, तर शिवायला टाकण्याआधी कापड रात्रभर भिजवून, वाळवून घ्यावे. आमच्या आया हे ‘कापड पाण्यातून काढणे’ शास्त्र न शिकता करीत आल्या. दुकानातल्या दुकानात तीन परीक्षा कराव्यात : कापड उजेडाकडे धरून वीण दाट आहे का पाहावे, मुठीत दाबून सोडावे आणि चुणी किती राहते ते पाहावे, अंगठ्याने घासावे. घासल्यावर पांढरी पूड पडली, तर ती खळ आहे. दोन धुण्यांत ती निघून जाते आणि खाली मच्छरदाणी उरते.

रेडीमेड घ्यावे की शिवून घ्यावे? वेळ नसेल तर रेडीमेड. अंगाचे माप जरा वेगळे असेल तर शिंपी. शिवायचे झाल्यास पन्हा आधी विचारावा. साधारण बांध्याच्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या शर्टाला ३६ इंची पन्ह्याचे सव्वादोन ते अडीच मीटर कापड लागते, ५८ इंचीचे सुमारे १.६ मीटर, ५८ इंची पन्ह्याच्या पँटीला सव्वा मीटर. मीटरचा भाव पाहून आनंदणारा माणूस पन्हा पाहायला विसरतो आणि घरी येऊन रडतो.

माप बसले की नाही, हे आरशापुढे ताठ उभे राहून कळत नाही. शर्ट घातल्यावर लोकलची कडी धरल्यासारखा हात वर करावा. शर्ट पँटीतून पार बाहेर आला, तर तो तोकडा. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर यावी, दंडावर उतरू नये. उतरलेला खांदा नंतर दुरुस्त करणे कटकटीचे असते. वरची गुंडी लावल्यावर कॉलरमध्ये दोन बोटे जावीत. बाही मनगटाच्या हाडापर्यंत. पँट घालून खाली बसून पाहावे, एक पाय जिन्याच्या पायरीवर ठेवून पाहावे. कंबर आणि उंची शिंपी कमीजास्त करू शकतो, म्हणून तिथे थोडे उणे चालेल.

आणि इथे एक शब्द सांगतो, जो मला फार आवडतो. शिवणीच्या आत शिंपी जे जादा कापड राखून ठेवतो, त्याला आपल्या भाषेत ‘माया’ म्हणतात. पँटीच्या मागच्या शिवणीत इंच-दीड इंच माया असेल, तर पुढे अंग भरले तरी ती सैल करता येते. माया नसेल, तर पँट भावाला द्यावी लागते. कपडा घेताना तो उलटा करून पाहावा. माया किती सोडली आहे, टीप बारीक आहे की लांब, काजाचे दोरे सुटले आहेत काय, गुंड्या पक्क्या आहेत काय. कपड्याची खरी किंमत आतल्या बाजूला लिहिलेली असते.

बूट संध्याकाळी घ्यावेत. दिवसभर चालून पाय थोडे फुगतात. सकाळी नेमका बसलेला बूट संध्याकाळी चावतो. काळा, साधा, दोरीचा, आणि तळ शिवलेला मिळाला तर फार उत्तम. दुसऱ्या जोडाचा आग्रह मी चैनीसाठी धरत नाही. चामडे दिवसाचा घाम पिते आणि त्याला वाळायला एक पूर्ण दिवस लागतो. रोज तोच बूट घातला, तर तो आतून कुजतो. दोन जोड आळीपाळीने वापरले, तर ते एकामागून एक वापरलेल्या दोन जोडांपेक्षा जास्त टिकतात. पावसात प्लास्टिकची चप्पल घालून जावे, आणि बूट पिशवीतून नेऊन कचेरीत बदलावेत. यात कमीपणा काही नाही. चिखलाने भरलेल्या बुटांत आहे.

सुटाचे काय, असे कोणी विचारील. मोठी हॉटेले, काही बँका, वकिली अशा काही कामांत कोट लागतो. तिथे तो कामाचे हत्यार आहे आणि घ्यावाच. इतर ठिकाणी मुलाखतीपुरता मामाचा किंवा मित्राचा कोट चालतो. मुलाखत घेणारा खांद्यावरचा कोट पाहतो त्याहून जास्त नखे, कॉलर आणि बूट पाहतो.

घेतलेले टिकवणे ही अर्धी कमाई. कॉलर आणि बाहीची पट्टी आधी साबणाने हाताने चोळावी, मग शर्ट यंत्रात टाकावा. गडद कपडे उलटे करून सावलीत वाळवावेत. मिश्र कापडावर इस्त्री मंद ठेवावी. सैल झालेली गुंडी पडण्याआधी टाचावी. सुईदोरा चालवणे प्रत्येक मुलाला आले पाहिजे, ते काम आईच्या किंवा बहिणीच्या नावावर लिहून ठेवू नये. कॉलर विरली, तर शर्ट टाकू नये. जुने शिंपी कॉलर उसवून उलटी लावून देतात आणि शर्ट आणखी वर्षभर चालतो.

आता शेवटचा मुद्दा, ज्यासाठी युनियनचा माणूस या विषयात शिरला. १९५७ साली दिल्लीत पंधरावी भारतीय श्रम परिषद भरली. सरकार, मालक आणि कामगार या तिघांनी मिळून किमान वेतन कसे मोजावे, याची मापे तिथे ठरवली. अन्न, घरभाडे, जळण यांच्या जोडीला कापडाचे माप आहे : चार माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार, म्हणजे माणशी १८ वार. पुढे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट खटल्याच्या निकालात ही मापे ग्राह्य धरून त्यांत मुलांचे शिक्षण, औषधपाणी वगैरेंसाठी आणखी २५ टक्क्यांची भर घातली. २०२० साली केंद्र सरकारने वेतनसंहितेच्या नियमांचा जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यात कुटुंबाला ६६ मीटर कापड धरले होते. ७२ वारांचे मीटर करून पाहा, ६५.८४ भरतात. त्रेसष्ट वर्षांत चार माणसांच्या वाट्याला वीतभरही कापड वाढले नाही.

आपल्या मुलाचा हिशेब या मापाने करू. १८ वार म्हणजे सुमारे साडेसोळा मीटर. आजच्या ५८ इंची पन्ह्याने सहा शर्टांना ९.६ मीटर आणि तीन पँटींना पावणेचार. एकूण १३ मीटर ३५ सेंटिमीटर. उरलेल्या तीन-सव्वातीन मीटरांत त्याचे घरचे कपडे, आतले कपडे, टॉवेल आणि अंथरूण-पांघरूण बसवायचे. म्हणजे मी सांगितलेले साधे कपाटसुद्धा पहिल्या वर्षी हे माप जवळजवळ संपवून टाकते. यावरून दोन गोष्टी निघतात. एक, तरुणाने याहून मोठे कपाट पहिल्याच वर्षी मागू नये. आणि दुसरी, जो मालक दारातच टायची आणि चकचकीत बुटांची अट घालतो, त्याने पगार ठरवताना ती अट हिशेबात धरलीच पाहिजे. कापड हा वेतनाचा भाग आहे; तो नोकराचा खाजगी शौक नाही.

मंडळी, ‘कपड्यांत काय आहे’ असे म्हणणारे थोर लोक असतात. मी त्यांच्यातला नाही. या देशात कोणी काय नेसावे, कुठवर नेसावे, हे शतकानुशतके जातीवरून ठरत आले. १९२७ च्या डिसेंबरात महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे भाषण केले, तेव्हा अस्पृश्यतेची खूण सांगणारी नेसण्याची रीत आणि दागिने टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. आणि बायांनी ते ऐकले. तेव्हा ज्याच्या घरातून पहिल्यांदाच कोणी इस्त्रीचा शर्ट घालून कामावर निघाले आहे, त्याला कपड्याचे मोल मी काय सांगू? तो शर्ट त्याने जरूर घालावा, ताठ मानेने घालावा. एवढेच की ती मान हप्त्याच्या दोरीने बांधलेली नसावी.

त्या मुलाचे बारा हप्ते यंदा संक्रांतीला फिटले. परवा तो कचेरीत आला होता. अंगात फिका निळा शर्ट, कॉलर उलटवून घेतलेली. नव्या अर्जावर पहिली सही त्याने केली. जादा तासांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. तो सुटेल तेव्हा सुटेल. पण शिवणीत माया राखावी तशी पगारातही थोडी राखलेली असली, म्हणजे गरज पडेल तेव्हा माणसाला हात उचलता येतो, एवढे त्या सहीने मला दाखवले.